अंगणवाडीत ओआरएस शिकवायचंय, भाषण सोडून काय करता येईल?

पाटीपेन्सिल: पावसाळ्याआधी चार अंगणवाड्यांत आयांना जुलाब आणि ओआरएसबद्दल, म्हणजे जुलाबात पाजायच्या क्षार-साखरेच्या पाण्याबद्दल, सांगायचं आहे. तक्ते, पत्रकं सगळं आहे. पण बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन पाकिटातली चिमूटभर पूड ग्लासात टाकतात. अर्ध्या तासात नेमकं काय घ्यावं?

गावकूस: तक्ते गुंडाळून ठेवा आणि फक्त पाकीट हातात घ्या. उपकेंद्रातलं नेहमीचं पाकीट २०.५ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यासाठी. दुकानात २०० मिलीचं छोटंही मिळतं, तेव्हा पाकिटावरचा आकडा आधी वाचून घ्यायचा. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, पाणी त्यांच्या मागोमाग जातं. म्हणून प्रमाणाला महत्त्व. लिटरचं पाकीट एका ग्लासात ओतलं तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तात मीठ वाढून बाळाला झटकेही येऊ शकतात. चिमूटभर टाकलं तर क्षार पुरत नाहीत.

खरी गोची भांड्याची असते. लिटर म्हणजे किती, हे घरात कोणाला ठाऊक असतं? प्रत्येकीला रोजचा तांब्या किंवा पातेलं घेऊन यायला सांगा. बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली त्यात रिकामी करा आणि पाणी आलं तिथे बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारा. मग पाकीट तिनेच फोडायचं, तिनेच ढवळायचं. तुम्ही हात लावायचा नाही. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर पाणी कमी पडलंय. दहाजणींपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका.

सिस्टरबाई: वरच्यांचं बरोबर, पण किती पाजायचं ते राहिलं. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २००. वाटी-चमच्याने, हळूहळू. उलटी झाली की आया पाजणंच बंद करतात. दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा सुरू करायचं, हे करून दाखवा. केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच.

झिंक विसरू नका. सहा महिन्यांवरच्याला २० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्याला अर्धी. चमचाभर दुधात विरघळवून १४ दिवस. शी घट्ट झाली की तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते, इथेच सगळं बिघडतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून पूर्ण कोर्स आहे, हे कारण सांगितलंत तर गोळ्या संपवतात.

डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, काही पोटात ठरेना किंवा शीत रक्त दिसलं, तर थेट दवाखाना. वाटेतही पाजत राहायचं.

नोंदवही: बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० मध्ये सव्वा कोटीच्या आसपास घरांत मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. शिकवणारीला पैसे मिळायचे ते आईच्या किती लक्षात राहिलं त्यावर. ते तपासायला दुसरीच व्यक्ती नंतर घरी जायची. आपल्याकडे हजेरीपटावर सह्या झाल्या की कार्यक्रम 'यशस्वी'! पैसे राहू द्या, पण आठवड्याने आशाताईंना चार-पाच घरी पाठवा, 'करून दाखव' एवढंच म्हणायला. शिवाय सुरुवातीला तिथे पुरुषांना वगळलं होतं, घरात विरोध झाला, मग त्यांच्याशी वेगळ्या सभा घ्याव्या लागल्या. तुम्ही सासवांनाही बोलवाच.

पाटीपेन्सिल: नेलपॉलिश पक्कं. आणि दुकानातली फळांच्या चवीची तयार खोकी?

सिस्टरबाई: नाही. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर खूपच जास्त, क्षार कमी. प्रमाणात न बसणाऱ्या पेयाच्या नावात 'ओआरएस' वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानदाराच्या तोंडी तेच नाव असतं. एक रिकामं खोकं आणि एक सरकारी पाकीट शेजारी ठेवून दाखवा.