कापसाच्या गाठी आणि ‘फोर्ट स्टिकीन’

कोकण किनाऱ्याजवळ बुडालेल्या आगबोटींच्या यादीत ‘फोर्ट स्टिकीन’ ही मालवाहू आगबोट जपानी पाणबुडीने बुडवली असे कोणी लिहिले असेल, तर ते बरोबर नाही. 14 एप्रिल 1944 रोजी ती मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलेली होती आणि तिच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकांबरोबर कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. आग लागली ती या कापसालाच.

आम्हा यवतमाळकडच्या लोकांना याचे नवल वाटत नाही. आमच्या गावाजवळच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) एकदा विझली म्हणून सोडून दिलेली गाठ दुसऱ्या दिवशी पट्ट्या तोडून फोडली, तर आतली रुई लाल धुमसत होती. दाबलेल्या गाठीत पाणी आतपर्यंत शिरत नाही. बंबांनी दुपारभर पाणी मारूनही चारनंतर पहिला स्फोट झाला तो म्हणूनच.

अशा यादीत शत्रूच्या कारवाईत बुडालेली बोट हवी असेल, तर 23 जून 1917 रोजी मुंबईबाहेर ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगावर आदळलेली ‘मंगोलिया’ ही आगबोट घ्यावी. ‘रामदास’ ही प्रवासी बोट मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची, 17 जुलै 1947 ची. मुंबईहून रेवसला जाताना ती पावसाळी वादळात उलटली.