मेडिकल जर्नलचं बिब्लिओमेट्रिक कसं करावं?

लातूर_पीजी: इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चच्या 2011 ते 2020 च्या पेपरांचं बिब्लिओमेट्रिक (किती पेपर, कुणाचे, किती गाजले याचा आकड्यांतला अभ्यास) करायलोय, पबमेड या मेडिकल पेपरांच्या ऑनलाइन सूचीवरून डेटा उतरवला पण सायटेशनचे (दुसऱ्या पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला त्याचे) आकडेच येईनात, सांगा की कुणीतरी.

ग्रंथपाल_नांदेड: पबमेडच्या फाइलीत ते नसतातच हो, स्कोपस या पैसे भरून मिळणाऱ्या पेपर-सूचीतून सीएसव्ही (तक्त्याची फाइल) घ्या. आधी नावं साफ करा, एकच डॉक्टर कुठं 'पाटील एस' कुठं 'पाटील एस बी' असला की व्हॉसव्ह्यूअर या लेखकांचं जाळं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नकाशात एका माणसाचे दोन ठिपके पडतात.

डॉ_परभणी: सरासरीवर जाऊ नका, दोन-चार गाजलेले पेपर सगळा आकडा ओढतात, मीडियन (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) काढा. आणि 2020 चा पेपर 2011 च्याशी तोलू नका, त्याला सायटेशन मिळायला वेळच कुठं मिळाला?

लातूर_पीजी: लै आभार सर, पण कॉलेजात स्कोपस नाही.

ग्रंथपाल_नांदेड: मग द लेन्स ही तशीच ऑनलाइन सूची वापरा, फुकट आहे.