मध्ययुगीन इस्लामी समाजात साध्या बाईचं काय होतं?

रानवारा: रझिया १२३६ला दिल्लीच्या गादीवर आली, १२५०ला कैरोत शजर अद-दुर्र. पण रझियाच्याच काळातला इतिहासकार मिन्हाज लिहून ठेवतो की राजाचे सगळे गुण तिच्यात होते, फक्त पुरुष म्हणून जन्माला आली नाही, मग त्या गुणांचा उपयोग काय! राण्यांचीच ही गत तर बाकीच्यांचं काय? कोणी म्हणतं नुसता बुरखा आणि जनाना, कोणी म्हणतं सुवर्णयुग. राण्या सोडून सांगा प्लीज.

बखरवाला: पैशापासून बघा. मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायचा पैसा, बाईच्या स्वतःच्या मालकीचा आणि लग्न झालं म्हणून तिची मालमत्ता नवऱ्याची होत नव्हती. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, पण हक्काचा. तलाक मात्र नवरा नुसता तोंडाने देणार आणि बाईला सुटायचं तर ‘खुला’ नावाचा घटस्फोट मागायचा, म्हणजे बहुतेक वेळा मेहरवर पाणी सोडायचं.

शाईचा_डाग: हे झालं कायद्याचं, रस्त्यावर वेगळंच. चौदाव्या शतकात कैरोत इब्न अल-हाज नावाचा धर्मपंडित बायकांवर पानंच्या पानं वैतागलाय, कापडवाल्याकडे सराफाकडे जाऊन बसतात काय, दर्ग्यांवर कबरस्तानात गर्दी करतात काय, आणि नवरे गप्प! आता बाबा एवढा चिडलाय म्हणजे बायका जात होत्याच की. त्याच शहरात तीनेकशे वर्षं आधी खलिफा अल-हाकिमने बायकांना घराबाहेर पडायला बंदी केली, वर चांभारांना त्यांच्या चपला शिवायची मनाई. आणि त्याच अकराव्या शतकात मक्केत करीमा नावाची बाई हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवायची, बगदादचा अल-खतीब, केवढा मोठा विद्वान, तो तिच्याकडे सहीह बुखारी हा हदीसचा ग्रंथ वाचून गेला.

पाटीपुस्तक: गुलाम बायका सगळेच विसरलात. अंग झाकणं ही स्वतंत्र बाईच्या इभ्रतीची खूण, गुलाम बाईला तो नियमच नाही, उलट बाजारात गिऱ्हाईक तिचे दंड-पोटऱ्या तपासून घ्यायचा आणि शास्त्री लोक चर्चा कसली करायचे तर कुठपर्यंत बघितलेलं चालेल याची. मालकापासून मूल झालं तर मग तिला विकता येत नसे, मालक मेला की ती मोकळी. खलिफा हारून अल-रशीदची आई खैझुरान अशीच विकत घेतलेली, पुढे दरबार हलवायची.

बखरवाला: मुद्दा मान्य, पण खैझुरान म्हणजे परत राणीच आली की :) त्यांनी राण्या नको म्हटलंय.