घरी शिवलेलं सॅडल = तिरडीचं सामान? जरा बोलूच

खोगीरभरती:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "घरी शिवलेलं सॅडल लावून झाडावर चढणाऱ्यांनी निघताना तिरडीचं सामान सांगून जावं." त्याखाली सगळे खो खो हसतायत. (सॅडल म्हणजे शिकारीसाठी झाडावर दोराला लटकून बसायचा, कमरेला बांधायचा पट्ट्यांचा झोपाळा.) म्हणून हे सविस्तर. (शिकार बरोबर की चूक हा वाद इथे नको, जिथे परवाना मिळतो तिथल्यांसाठी लिहितोय.)

सहा सीझन मी स्वतः बनवलेल्या सॅडलमध्ये बसतोय. शिवण फक्त बुडाखालच्या कापडाला, भार घेणारा पट्टा ट्युब्युलर नायलॉनचा, अखंड, टोकं वॉटर नॉटने (दोन टोकं एकमेकांत ओवून मारायची गाठ) जोडलेली. उद्या सगळे टाके उसवले तरी मी लोंबकळेन, पडणार नाही. पडतात कोण? झाडाला बांधायचं महागाचं स्टँड (वर बसायचा-उभं राहायचा फळा) घेऊन हार्नेस (पडलं तर धरणारे अंगावरचे पट्टे) पिशवीत ठेवणारे आणि "वर गेल्यावर बांधतो" म्हणणारे. माणूस चढता-उतरताना पडतो, नाहीतर स्टँडवर पाय टाकताना, आणि तिथे कंपनीचं लेबल काय झेलणार?

गाठ_सुटेना:
ती पोस्ट माझीच. एकही शब्द मागे घेत नाही.

वॉटर नॉट म्हणालात ना? ती गाठ भार येतो-जातो तशी हळूहळू सरकते. माझ्या एका मित्राचं असंच घरगुती सॅडल होतं, गाठीबाहेर चार बोटं शेपूट सोडलेलं. सीझनच्या शेवटी सहज हातात घेऊन बघितलं तर एक बोट उरलेलं. एक! त्याला पत्ताच नाही, कारण गाठ आतल्या बाजूला, कापडाखाली. तुमची शेवटची कधी बघितलीत?

खोगीरभरती:
दर वेळी चढण्याआधी बघतो. जवळजवळ.

गाठ_सुटेना:
"जवळजवळ" 😂

फांदीवरचा:
दोघंही सॅडलवरून भांडताय, टिथरबद्दल, म्हणजे सॅडल झाडाला बांधणाऱ्या दोराबद्दल, कुणी बोलेना. हिशेब करा. 80 किलोचा माणूस 60 सेंटीमीटर पडला आणि दोर-पट्टा-अंग मिळून 10 सेंटीमीटरमध्ये थांबला, तर सरासरी झटकाच वजनाच्या 7 पट, म्हणजे 560 किलो. डायनीमाचा (हा एक फार मजबूत कृत्रिम धागा) टिथर असेल तर तो ताणतच नाही, मग झटका अजून वाढतो. शिवाय डायनीमा 145 अंशाच्या आसपास वितळतो, त्यावर घर्षणाची गाठ (भार आला की दोराला आवळून धरणारी) जोरात सरकली की झालं कल्याण. तो ताकदवान आहे म्हणून लोक भाळतात. सॅडल विकतचं असो की आजीने शिवलेलं, टिथर डोक्याच्या वर बांधा, ढील ठेवू नका.

करवत:
इथे सगळे शहाणे जमलेत तर एक विचारतो, चढायला झाडात स्क्रूच्या पायऱ्या पिळणारे किती जण आहेत? मी लाकूड कापतो. मागच्या वर्षी ओकच्या ओंडक्यात असलाच एक स्क्रू निघाला, बाहेरून खूणसुद्धा नाही, सालीने पूर्ण गिळलेला. साखळीचे दात गेले, एक तुकडा गालाला चाटून गेला. वर लोखंडाने लाकूड आतून निळं-काळं पडलेलं, ते कुणी घेत नाही. तुमची सेफ्टी होते आणि आमचं तोंड फुटतं.

पानगळ:
झाड वाढलं की स्क्रू वर जातो ना पण? तुम्ही खाली बुंध्याशी कापता.

करवत:
नाही जात! झाड वाढतं शेंड्याला, बुंधा फक्त जाड होतो. छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनी छातीच्याच उंचीवर, फक्त आत. शाळेत काय शिकलात?

पानगळ:
शाळा काढायची गरज नव्हती, साधा प्रश्न विचारला.

करवत:
आणि माझ्या गालाचं काय?

फांदीवरचा:
करवतदादा, मुद्दा बरोबर आहे आणि तो पडण्याशीही जोडलेला आहे. स्टँडचे पट्टे वर्षभर झाडालाच ठेवतात, खोड जाड होतं, पट्टा आवळत जातो, वरून ऊन नायलॉनला खातं. पुढच्या सीझनला भरवशाने पाय ठेवला की पट्टा तुटतो. सीझन संपला की सगळं खाली काढा, स्क्रू तर पिळूच नका, पट्ट्याने खोडाला बांधायच्या स्टिक्स (पायऱ्या असलेल्या काठ्या) वापरा.

करवत:
हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. खोगीरभरती, तुम्ही काय वापरता?

खोगीरभरती:
स्टिक्सच. पहिल्या सीझनला स्क्रू होते. झाड माझ्या मामाचंच होतं.

करवत:
मग मामाला सांगून ठेवा, करवत लावू नका म्हणावं.

गाठ_सुटेना:
विषयावर या. खोगीरभरती, चढताना मधे आडवी फांदी आली की लाइनमन बेल्ट (चढताना खोडाभोवती घ्यायचा दोर) कसा ओलांडता?

खोगीरभरती:
सोडतो, फांदीच्या वरून परत बांधतो. दोन सेकंद.

गाठ_सुटेना:
आणि त्या दोन सेकंदांत कशाला बांधलेले असता?

खोगीरभरती:
एका हाताने फांदी धरलेली असते.

गाठ_सुटेना:
म्हणजे कशालाच नाही. वर स्वतःच लिहिलंत, माणूस चढताना पडतो. मग नायलॉन कसला नि अखंड पट्टा कसला!

खोगीरभरती:
बरं. हे मान्य. पण हा दोष घरी शिवण्याचा नाही, माझ्या आळसाचा आहे, आणि तुमचं ब्रँडेड सॅडल घातलं असतं तरी मी ते दोन सेकंद सोडलंच असतं. आता आधी टिथर फांदीच्या वर टाकेन, मगच बेल्ट सोडेन. सॅडल मात्र माझंच राहील.

गाठ_सुटेना:
ठीक, तिरडी जरा पुढे ढकलू. कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) तरी विकतची आहेत ना? की तीही भट्टीत ओतलीत?

खोगीरभरती:
विकतची, 22 किलोन्यूटन छापलेली, लॉकवाली. किल्ल्यांच्या कीचेनवाली नाहीत, येवढा मूर्ख नाही.

ती_खाली_उभी:
मी शिकार करत नाही, नवरा करतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय घसरला, हार्नेसने पकडलं, पण तो तसाच लटकत राहिला, परत खोडाशी येता येईना. पट्टे मांडीत रुतले, पाय बधिर. खिशात पाय अडकवायचा एक पट्टा होता, त्यात उभा राहून भार कमी केला म्हणून वाचला. फोन वर स्टँडवरच्या पिशवीत होता. तुमच्यापैकी किती जणांचा फोन अंगावर असतो?

फांदीवरचा:
माझाही पिशवीत. आजपासून छातीच्या खिशात.

खोगीरभरती:
वहिनी, तो पट्टा विकतचा होता की घरचा?

ती_खाली_उभी:
मीच शिवलेला.

खोगीरभरती:
😎

गाठ_सुटेना:
आता हा महिनाभर ऐकवणार. शेपूट मोजून सांगा आधी.

खोगीरभरती:
आत्ता खाली उतरवून बघितलं. अडीच बोटं. नवीन गाठ मारतोय.