मदत हवी आहे : सर्दी-तापावर होमिओपॅथीच्या गोळ्या

आईला सर्दी, कणकण आणि अंगदुखी आहे. शिवाय मधुमेह. मावशीने चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ऑसिलोकॉक्सिनमच्या गोळ्या आणून दिल्यात. वर २००सी लिहिलंय, म्हणजे शंभरपट पातळ करणं २०० वेळा. १२सीच्या पुढेच मूळ पदार्थाचा रेणू सापडणं मुश्कील (आणि मूळ पदार्थ कोणता, तर बदकाचं हृदय नि यकृत!). मग उरते साखर. तिने रक्तातली साखर कितपत वाढेल?

सोबत नाकात घालायचं झिंकचं जेलही आहे. त्यावर २एक्स लिहिलंय, म्हणजे दहापट पातळ करणं फक्त दोनदा, म्हणून शंभरात एक भाग खरंच झिंकचं संयुग. अशाच जेलने वास जातो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियामक संस्था) २००९ मध्ये इशारा दिला होता. ते मी बाजूला काढून ठेवलंय. पॅरासिटामॉल चालूच आहे. मावशीला न दुखावता हे कसं सांगू? आणि ताप किती दिवस राहिला तर डॉक्टरांकडे न्यायचं?