शब्दचर्चा : चिनी ‘डिंग’, ‘गुई’, ‘जुए’ यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : शांग आणि चौ या प्राचीन राजघराण्यांच्या काळातल्या चिनी भांड्यांना एका मराठी लेखात सरसकट ‘ब्राँझची पूजापात्रं’ म्हटलं आहे. हे बरोबर वाटतं का? डिंग, गुई, जुए, गू ही नावं तशीच ठेवावीत का?

प्रतिसाद १ : ब्राँझला कासं म्हणा, बिनदिक्कत. तांबं आणि कथील यांचं ते कासं. या भांड्यांत बहुधा शिसंही असतं. तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. मात्र ‘ओतीव’ हा शब्द जोडा. तांबट ठोके देऊन भांडं घडवतो, तशी ही घडवलेली नाहीत. आधी मातीचा नमुना, त्यावर ओली माती थापून साचा. हा साचा कापून तुकड्यांनी सोडवायचा, नमुन्याचा पृष्ठभाग तासून त्याचाच गाभा करायचा आणि मधल्या फटीत धातूचा रस ओतायचा. अनेक भांड्यांवर साच्याचे तुकडे जुळले त्याच रेषेवर उभे कंगोरे दिसतात.

प्रतिसाद २ : ‘पूजापात्र’ मला खटकतं. पूजेची उपकरणी म्हटलं की ताम्हन, पळी, पंचपात्र डोळ्यांपुढे येतं. इथे पूर्वजांना शिजवलेलं अन्न आणि मद्य अर्पण करायचं असे. ‘यज्ञपात्र’ तर नकोच. ‘विधिपात्र’ चालेल.

नावं ठेवा, पण उच्चार सुधारा. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात तेव्हा त्यातला डी म्हणजे ‘ड’ नव्हे, तो ‘त’च्या जवळचा, जी म्हणजे ‘क’. म्हणून तिंग, क्वेइ, च्युए, कू. त-थ, क-ख हा भेद मराठीत आहेच, मग इंग्रजी वळसा कशाला? पहिल्या उल्लेखात काम सांगावं : तिंग म्हणजे मांस शिजवायचं, तीन किंवा चार पायांचं भांडं, क्वेइ धान्याच्या अन्नाचं, कू उंच, निमुळता मद्याचा पेला. च्युएला तर एका शब्दात बसवूच नये. तीन अणकुचीदार पाय, एका बाजूला लांब तोटी, दुसरीकडे टोकदार शेपूट आणि काठावर दोन बुटके खांब. हे खांब कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

प्रतिसाद ३ : नावं ठेवण्याच्या बाजूने आणखी एक. पेइचिंगच्या (बीजिंगच्या) राष्ट्रीय संग्रहालयातलं ८३२ किलोंचं चौकोनी तिंग १९३९ साली आन्यांगजवळ सापडलं. आतल्या तीन अक्षरांवरून त्याला ‘सिमूवू’ म्हणत. त्यातलं पहिलं अक्षर आरशातल्यासारखं उलटं धरलं की ‘होउ’ होतं, कारण त्या काळी अक्षर डावीकडे-उजवीकडे कसंही वळवून लिहीत. २०११ मध्ये संग्रहालयाने पाटी बदलून ‘होउमूवू’ केली. खुद्द चीनमध्ये नावावर एवढा खल होतो, तिथे आपण ‘हंडा’ म्हणून मोकळं होणं बरं नाही.

प्रश्नकर्ता : पटलं. आणि भांड्यांवरच्या त्या डोळे वटारलेल्या मुखाला ‘कीर्तिमुख’ म्हटलं तर?

प्रतिसाद २ : नको. कीर्तिमुखामागे शिवाची कथा आहे, ती इथे चिकटेल. ‘थाओथिए’ लिहा, पण हे नावही सोंग राजघराण्याच्या काळातल्या संग्राहक पंडितांनी जुन्या ग्रंथातून उचलून रूढ केलेलं, म्हणजे शांग काळानंतर दोन हजार वर्षांनी. शांग लोक त्याला काय म्हणत, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पाटीवर ‘थाओथिए म्हणून ओळखलं जाणारं मुख’ असं असावं.