सिंगापूरला साडेसहा तासांचा लेओव्हर: चांगी विमानतळावर मैत्रिणीला भेटायचं कसं?

रानजाई

मुंबईहून मेलबर्नला जायचंय, मी आणि आई. सिंगापूरला सकाळी ७:४० ला उतरतो, पुढचं विमान दुपारी २:१५ चं. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर आहेत. पासपोर्ट भारतीय, ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा दोघींकडे आहे. शाळेपासूनची मैत्रीण सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात राहते, ती म्हणते मीच विमानतळावर येते.

तिला आत येता येतं का, की आम्ही बाहेर पडायचं? बाहेर पडायचं तर सिंगापूरचा वेगळा व्हिसा लागेल का? बॅगा घ्याव्या लागतील का? आणि परत किती वाजता आत शिरावं? आई ६८ वर्षांची आहे, चालते व्यवस्थित, पण लांबच्या अंतरासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. मैत्रिणीसाठी घरचे अनारसे आणि बाकरवडी न्यायचा विचार आहे.

कोपी_ओ

मैत्रीण आत येऊ शकत नाही. ट्रान्झिट भागात, म्हणजे इमिग्रेशनच्या आतल्या बाजूला, फक्त प्रवासी असतात. तेव्हा तुम्हालाच इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागेल, म्हणून सगळ्यात आधी व्हिशाचं बघू.

भारतीय पासपोर्टला एरवी सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण तिसऱ्या देशात जाता-येता तिथे थांबणाऱ्या भारतीयांसाठी ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका देशाचा व्हिसा हवा, आणि तो सिंगापुरात शिरण्याच्या दिवसापासून निदान एक महिना वैध हवा. शिवाय ९६ तासांच्या आतलं पुढचं पक्कं तिकीट. तुम्ही दोघी यात बसता. मात्र ही सवलत हक्क म्हणून मिळत नाही, शेवटचा निर्णय काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा असतो. निघण्याच्या आठवड्यात त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचून घ्या.

ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, तो फक्त संगणकावर असतो. म्हणून व्हिसा मंजुरीचं पत्र दोघींचं वेगवेगळं छापून हातातल्या पिशवीत ठेवा. पत्र फोनमध्ये आहे आणि फोनला नेट नाही, अशाने काउंटरवर खोळंबा होतो. मेलबर्नचा बोर्डिंग पासही सोबतच असू द्या.

दुसरं, एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा फॉर्म. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं, माणशी एक. ते पूर्ण मोफत आहे. शोधताना पैसे मागणाऱ्या साइट्स वर येतात, त्यांच्याकडे जाऊ नका, सरकारी साइटच वापरा. इमिग्रेशन न ओलांडता आतच थांबणाऱ्यांना हे कार्ड लागत नाही. तुम्हाला लागेल, आणि ट्रान्झिटच आहे म्हणून भरायचं राहून जातं ते नेमकं इथे.

बॅगा: एकच पीएनआर असल्यामुळे मुंबईत टॅग थेट मेलबर्नचा लागायला हवा. काउंटरवरच टॅगवरची शेवटची तीन अक्षरं वाचा, एमईएल दिसलं पाहिजे. एसआयएन (सिंगापूर) असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. दोन्ही बोर्डिंग पास मुंबईतच मागा. दुसरा मिळाला नाही, तर इमिग्रेशनकडे वळण्याआधी ट्रान्सफर काउंटरवर घ्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग बहुधा सिंगापूरपर्यंतच येते. मग ती घेण्यासाठी बाहेर पडावंच लागतं, म्हणजे भेट असो-नसो, व्हिसा किंवा ही सवलत लागतेच.

अडीच_तास_पुढे

वेळेचं गणित मांडते. आधी घड्याळ अडीच तास पुढे करा. साधं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहिलं की गोंधळ होतो, फोनचं आपोआप बदलतं.

७:४० ही विमान पोचण्याची वेळ. दार उघडून, चालत इमिग्रेशनला, रांग, मग सीमाशुल्काची हिरवी वाट. बॅगा घ्यायच्या नसल्याने साधारण ८:३० ते ८:४५ ला बाहेर याल. परतीचं उलटं मोजा: २:१५ ला उड्डाण, गेट त्याआधीच बंद होतं, आणि चांगीच्या टर्मिनल १, २, ३ मध्ये हातातल्या सामानाची तपासणी इमिग्रेशनपाशी नसून थेट गेटवर असते. त्या रांगेची वेळ लोक धरतच नाहीत. आई सोबत आहेत, तर १२:१५ ला उठा आणि १२:३० ला इमिग्रेशनच्या दारात असा. हातात सलग साडेतीन तास उरतात. भेटीला भरपूर झाले.

टॅम्पिनीसला घरी जायचा मोह होईल, कारण ते जवळ आहे. जाऊ नका. जाण्यायेण्यात तास-सव्वा तास जातो आणि सगळं लक्ष घड्याळाकडे राहतं. मैत्रिणीलाच येऊ द्या. तिला टॅम्पिनीसहून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने एक्स्पो आणि तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन चांगी एअरपोर्ट.

भेटायला ज्युएल सर्वांत सोयीचं. २०१९ साली उघडलेली ही काचेची इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून तुम्ही आणि मैत्रीण दोन्ही बाजूंनी पोचू शकता. टर्मिनल १ च्या आगमन दालनातून थेट वाट आहे, टर्मिनल २ आणि ३ मधून लेव्हल २ वर बंदिस्त पूल आहेत, सरकते पट्टे आहेत. सिंगापुरात लेव्हल १ म्हणजे आपला तळमजला, हे डोक्यात ठेवा, नाहीतर एक जण पुलावर आणि एक जण खाली असं होतं.

आतला ४० मीटरचा धबधबा मात्र सकाळी बंद असतो. सोमवार ते गुरुवार ११ ला, शुक्रवार ते रविवार १० ला सुरू होतो. बरीच दुकानंही १० नंतरच उघडतात. म्हणून आधी टर्मिनलमध्येच नाश्ता करा. टर्मिनल ३ च्या तळघरातलं फूड कोर्ट सकाळी चालू असतं. मग १० च्या सुमारास ज्युएलला जा आणि धबधब्यासमोरच्या झाडीत बसा. त्या वाटांना तिकीट नाही.

आई शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा: काया टोस्टमधल्या कायामध्ये (ब्रेडला लावायचा नारळाचा गोड जाम) अंडं असतं. चहा ‘तेह’ म्हणून मागितला तर कंडेन्स्ड दूध घालून फार गोड मिळतो. साखर नको असेल तर शेवटी ‘कोसोंग’ म्हणा.

व्हीलचेअरचं: मदतनीस तुम्हाला पुढच्या विमानाचे प्रवासी समजून आतच ट्रान्सफरच्या जागी नेऊन बसवतात. विमानाच्या दारातच सांगा की बाहेर जायचंय, इमिग्रेशनला न्या. परतताना पुन्हा कुठे आणि किती वाजता मिळेल हेही तिथेच ठरवून घ्या.

शेवगा

अनारसे आणि बाकरवडी दोन्ही थांबवा! दोन्हीत खसखस असते, आणि सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. अमली पदार्थांच्या बाबतीत तो देश किती कडक आहे हे सर्वांना माहीत आहे, चिमूटभर खसखशीसाठी आईंना चौकशीला उभं करू नका. खसखस न लावता केलेले शंकरपाळे, चकली, चिवडा न्या. च्युइंगगम, ई-सिगारेट आणि तोंडात धरायचा तंबाखूही आत नेता येत नाही. कोणी "हे पाकीट तेवढं पोचवा" म्हणालं तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मैत्रीणही काहीतरी देणारच. तिला आधीच सांगा की काया जामची बरणी नको. गेटवरच्या तपासणीत जाम द्रव पदार्थांत धरला जातो, १०० मिलिलिटरच्या वरची बरणी काढून घेतात. पाण्याची बाटलीही तिथे रिकामी करावी लागते, हे आईंना सांगून ठेवा. आणि मेलबर्नला उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवासी कार्डावर जाहीर करा, घरचा चिवडासुद्धा. जाहीर केलेली वस्तू नको असेल तर ते ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर दंड.

रानजाई

खसखशीचं डोक्यातच आलं नव्हतं! शंकरपाळे आणि चिवडा ठरलं. अजून दोन शंका. काही कारणाने आम्हाला बाहेर सोडलंच नाही, तर मैत्रीण एखादं स्वस्त तिकीट काढून आत येते म्हणतेय. चालेल का? आणि अडीच महिन्यांनी परत येतानाही सिंगापूरलाच थांबणार आहोत, तेव्हाही हेच करता येईल?

कोपी_ओ

तिकीट काढून आत येणं अजिबात नको. प्रवासाचा हेतू नसताना बोर्डिंग पास वापरून ट्रान्झिट भागात शिरणं हा तिथे गुन्हा आहे. २०१७ च्या इन्फ्रास्ट्रक्चर प्रोटेक्शन कायद्याखाली २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नातेवाइकांना गेटपर्यंत पोचवायला गेलेले लोकसुद्धा यात पकडले गेले आहेत. ती तिथे राहते, नोकरी करते, तिच्यासाठी हे फार महाग पडेल. खरोखरच त्या दिवशी तिचं कुठे जायचं विमान असतं, तर गोष्ट वेगळी. मग आतच भेटता आलं असतं, टर्मिनल १, २, ३ आतून स्कायट्रेनने (टर्मिनलांमधली छोटी गाडी) जोडलेली आहेत आणि टर्मिनल ३ ची फुलपाखरांची बाग भेटायला छान आहे.

परतीचं: तेव्हाही महिनाभर वैधतेची अट त्या दिवसापासून मोजली जाईल. तुमच्या मंजुरीपत्रावर व्हिसा संपण्याची तारीख बघा. दोघींपैकी कुणाच्याही व्हिशाची मुदत तेव्हा महिन्याच्या आत संपत असेल तर सवलतीवर विसंबू नका. जाण्याआधीच भारतातल्या अधिकृत एजंटकडून सिंगापूरचा साधा व्हिसा काढा, सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे पैसे वेगळे. दोघींचा एकदमच काढा. एकीला सोडलं आणि दुसरीला अडवलं, तर भेट कुणाचीच होत नाही.

अडीच_तास_पुढे

एक राहिलं. पहिल्या विमानाला उशीर झाला तर कुठवर बाहेर पडायचं, हे आजच ठरवा. १०:४५ च्या पुढे उतरलात तर आतच थांबा आणि मैत्रिणीशी व्हिडिओवर बोला. तिला विमानाचा क्रमांक देऊन ठेवा, म्हणजे घरून निघण्याआधी ती चांगीच्या साइटवर उतरण्याची खरी वेळ आणि टर्मिनल दोन्ही बघेल. सिंगापूर एअरलाइन्स टर्मिनल २ आणि ३ दोन्ही वापरते, त्यामुळे आदल्या दिवशी कळलेलं टर्मिनल सकाळी पुन्हा तपासायला हवं. फोनला नेट मिळेपर्यंत वेळ जाऊ शकतो, म्हणून "फोन लागला नाही तर ९ वाजता त्या टर्मिनलच्या आगमन दालनातल्या माहिती काउंटरसमोर" एवढं पक्कं करून ठेवा, आणि मैत्रिणीचा नंबर कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये टाका.